एक मुलगा, चार वर्ग: टेरेन्स टाओला प्राथमिक शाळेने कसं सांभाळलं

वर्गात एखादं फारच हुशार पोर असेल तर त्याचं काय करायचं, हा विषय स्टाफरूममधे निघाला की उत्तरं ठरलेली असतात. मॉनिटर करा, वह्या तपासायला द्या, कच्च्या मुलाशेजारी बसवा म्हणजे तोही शिकेल आणि हाही गप्प बसेल. कुणीतरी म्हणतं, वरच्या वर्गात टाका की सरळ. मग कुणीतरी म्हणतं, नियमात बसत नाही, आणि चहा येतो आणि विषय संपतो.

मी प्राथमिकला शिकवतो, आणि या विषयावर बोलायचं झालं की मला एकच केस सारखी आठवते ती म्हणजे टेरेन्स टाओची. नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, 2006 साली फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला फार मोठा मान, मिळालेला गणितज्ञ, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रोफेसर. पण मला त्याच्या मेडलशी इथे फारसं देणंघेणं नाही, ते किस्से नेटवर ढिगाने आहेत. मला इंटरेस्ट आहे तो 1979 ते 1983 या चार-पाच वर्षांत, जेव्हा तो साडेतीन ते आठ वर्षांचा होता आणि ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड शहरात पाचव्या वर्षापासून एका साध्या सरकारी प्राथमिक शाळेत जात होता. तिथे कुठली खास गिफ्टेड शाळा नव्हती आणि लाखभर फीही नव्हती. तरी त्या शाळेने जे केलं ते आजही आपल्याकडच्या बहुतेक शाळांना जमत नाही, आणि गंमत म्हणजे त्यात खर्चाचं काहीच नाही.

आधी घरचं थोडक्यात. आईवडील दोघंही हाँगकाँगहून 1972 मधे ऑस्ट्रेलियात आलेले. वडील बिली टाओ लहान मुलांचे डॉक्टर, आई ग्रेस फिजिक्स आणि मॅथ्स शिकलेली, हाँगकाँगला हायस्कूलवर शिकवलेलं. टेरेन्सचा जन्म 17 जुलै 1975 चा. दोन वर्षांचा असताना एका घरगुती कार्यक्रमात हा आपल्यापेक्षा मोठ्या मुलांना आकड्यांचे ठोकळे मांडून मोजायला शिकवत बसलेला दिसला. विचारलं हे तुला कुणी शिकवलं, तर म्हणाला सेसमी स्ट्रीटने, म्हणजे टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमाने. आता अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, आई गणिताची शिक्षिका आणि बाप डॉक्टर, मग काय होणार दुसरं. बरोबर आहे, घर नशिबाने चांगलं मिळालं होतं. पण हेच घर त्याला पहिल्यांदा शाळेत घालताना आपटलं, आणि ती गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

साडेतीन वर्षांचा असताना त्याला एका खाजगी शाळेत घातलं. वाचता येत होतं, आकडे येत होते, मग लवकर घालायला काय हरकत, असा साधा हिशोब. थोड्याच आठवड्यांत काढून घ्यावं लागलं. अभ्यासात तो वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे होता, पण रोज चार-पाच तास एका जागी बसायचं, बाईंचं ऐकायचं, आपली पाळी यायची वाट बघायची, हे सगळं साडेतीन वर्षांच्या पोराला झेपत नव्हतं, आणि त्याच्याशी नेमकं काय करायचं हे बाईंनाही कळत नव्हतं. अहो, बरोबरच आहे. डोकं सातवीचं असलं तरी मूत्राशय, झोप, भूक, रडू हे सगळं साडेतीन वर्षांचंच असतं ना.

इथे आईवडिलांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी दुसरी, अजून भारी शाळा शोधली नाही. त्याला घराजवळच्या बालवाडीत घातलं, चक्क त्याच्या वयाच्या मुलांबरोबर, आणि तिथे तो साधारण दीड वर्ष राहिला. खेळायचं, चिकटवायचं, वाळूत बसायचं. घरी मात्र आई त्याच्याबरोबर गणित करत होती आणि पाच वर्षांचा व्हायच्या आत प्राथमिकचं जवळजवळ सगळं गणित त्याचं झालं होतं. आईचं म्हणणं असं की मी शिकवत नव्हते, फक्त वाट दाखवत होते, कारण त्याला कुणी सांगितलेलं आवडायचंच नाही, स्वतःच बसून शोधायचं असायचं. त्याच दीड वर्षात आईवडिलांनी अशा मुलांबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं, लोकांना भेटले, आणि मग शाळा बघायला निघाले.

मुलाला साडेतीनव्या वर्षी शाळेतून काढून परत बालवाडीत बसवायचं, म्हणजे आपल्या भाषेत पोराला खाली आणायचं. आपल्याकडे किती पालक हे करतील? आमच्याकडे तर पोरगं ज्युनियर केजीतून सिनियरला एक वर्ष उशिरा गेलं तरी नातेवाईकांत तोंड दाखवायची चोरी होते.

शाळा निवडताना त्यांनी बिल्डिंग बघितली नाही, रिझल्ट बघितला नाही, मुख्याध्यापकाशी बोलून बघितलं. हा माणूस वेळापत्रक वाकवायला तयार आहे का, एवढंच. बेलव्ह्यू हाइट्स प्रायमरी स्कूल नावाची जवळची सरकारी शाळा त्यांना तशी वाटली आणि पाचव्या वर्षी टेरेन्स तिथे जायला लागला.

आता मुख्य मुद्दा. शाळेने त्याला डबल प्रमोशन दिलं नाही, म्हणजे उचलून एकदम चौथीत टाकलं असं केलं नाही. त्यांनी विषय सुटे केले. सुरवातीला बहुतेक विषयांना तो दुसरीच्या मुलांबरोबर बसायचा आणि गणिताला पाचवीच्या मुलांबरोबर. मग जसजसं पुढे गेला तसतसं हे बदलत गेलं. साडेसहा वर्षांचा होईपर्यंत तो तिसरी, चौथी, सहावी आणि सातवी अशा चार वर्गांत वेगवेगळ्या विषयांना बसत होता. म्हणजे शाळेला एकच मुलगा आणि तो दिवसभर दप्तर घेऊन या वर्गातून त्या वर्गात.

हे शक्य का झालं त्याचं एक साधं कारण आहे जे पटकन लक्षात येत नाही. साउथ ऑस्ट्रेलियात त्या वेळी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असायची. म्हणजे त्याला लागणारं सगळं, वाळूचा खड्डाही आणि सातवीचं गणितही, एकाच कंपाउंडमधे होतं. कुठल्या दुसऱ्या शाळेची परवानगी नको, बस नको, दाखला नको. फक्त चार शिक्षकांनी आपापल्या गणिताचे आणि भाषेचे तास जुळवून घ्यायचे. आणि ते कुणीतरी जुळवून घेतले, हेच या केसमधलं खरं काम आहे असं मला वाटतं. बुद्धी मुलाची होती, पण टाइमटेबल मोठ्यांनी बनवलेलं होतं.

आणि चार वर्ग का लागले, तीन किंवा एक का नाही पुरला, हे समजून घेतलं की या प्रकारच्या मुलांबद्दलचा अर्धा गैरसमज जातो. टेरेन्स सगळ्याच गोष्टीत सारखा पुढे नव्हता. गणितात तो वयाच्या पाच-सात वर्षं पुढे असेल पण निबंध आणि गोष्ट लिहिणं हे त्याला जमायचं नाही. त्याने स्वतः मोठेपणी सांगितलेला किस्सा आहे. घरी काय चाललंय यावर लिहा असं शाळेत सांगितलं, तर हा पठ्ठ्या घरातल्या एकेका खोलीत गेला आणि तिथे काय काय वस्तू आहेत याची यादी करून आणली. आता हे वाचून हसू येतं, पण विचार करा, आपल्या वर्गात असं कुणी केलं तर आपण लाल पेनने काय शेरा मारू. आणि अशा मुलाला जर सगळ्या विषयांसाठी उचलून पाचवीत टाकला असता, तर गणितात राजा आणि भाषेत वर्गातला सगळ्यात ढ, वर वयाने सगळ्यात छोटा. डबल प्रमोशनचं हेच वांधं असतं, ते मुलाला एक नंबर समजतं. प्रत्यक्षात पोर म्हणजे चार-पाच वेगवेगळी वयं एकाच शर्टात.

या काळातला सगळ्यात चांगला कागदोपत्री पुरावा म्हणजे केन क्लेमेंट्स नावाच्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकाने लिहिलेला लेख. ते 16 जुलै 1983 ला टाओंच्या घरी गेले, म्हणजे पोराचा आठवा वाढदिवस दुसऱ्या दिवशी. गेले तर हा कोपऱ्यात एक जाडजूड पुस्तक वाचत बसलेला, पुस्तकाचं नाव कॅल्क्युलस, म्हणजे अकरावी-बारावीच्या पुढचं गणित. मग त्यांनी त्याला बरेच प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली, आणि म्हणूनच तो लेख इतका उपयोगी आहे, कारण नुसतं जिनियस जिनियस म्हणण्यापेक्षा पोरगं विचार कसा करतं ते दिसतं.

एक प्रश्न असा होता. दोन वर्तुळं आहेत, एकाची त्रिज्या 2 सेंमी, दुसऱ्याची 3 सेंमी, दोघांच्या केंद्रांमधलं अंतर 4 सेंमी. वर्तुळं एकमेकांना छेदतात का? आपण काय करू, कागद घेऊ, कंपास घेऊ, काढून बघू. वर्गातही आपण हेच सांगतो, आकृती काढा आधी. टेरेन्सने आकृती काढली नाही. म्हणाला, हो छेदतात, छेदत नसती तर केंद्रांमधलं अंतर पाचपेक्षा जास्त झालं असतं. (चौकस लोक म्हणतील की एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात असू शकतं, तो मुद्दा आहेच, पण त्यासाठी अंतर एकपेक्षा कमी लागतं, इथे चार आहे.) सात वर्षांचं पोर उलट बाजूने विचार करतंय, असं नसतं तर काय झालं असतं. क्लेमेंट्सचं निरीक्षण असं की जिथे चित्र काढून सुटेल तिथेही तो शक्यतो तर्काने, शब्दांनी जातो.

मला यातून शिक्षक म्हणून जे कळतं ते असं. अशा मुलाला परीक्षेत बसवलं असतं तर कळलं असतं की पैकीच्या पैकी पडतात, बस. समोर बसून विचारल्यावर आणि उत्तर कसं काढलंस हे ऐकून घेतल्यावर कळलं की याचा रस्ता कुठला आहे आणि कुठला रस्ता तो टाळतो. पैकीच्या पैकी हा तर शेवटचा आकडा झाला, त्याच्या पुढे पोर किती जातंय ते पेपरला कळूच शकत नाही. म्हणूनच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 मधे जो गणितातल्या हुशार मुलांचा प्रकल्प सुरू केला, त्यात ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मुद्दाम सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची सॅट, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला लावायचे. पेपरला छत नको, एवढीच आयडिया. टेरेन्सने तोच गणिताचा पेपर आठव्या वर्षी दिला आणि 800 पैकी 760 मिळवले.

अजून एक गोष्ट त्या लेखात आहे जी मला त्या 760 पेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. सहा-सात वर्षांचा असताना तो पुस्तक वाचून बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा आपली आपण शिकला आणि छोटे छोटे प्रोग्राम लिहायला लागला. त्यातला एक फिबोनाची या जुन्या गणितज्ञाच्या नावाचे आकडे (1, 1, 2, 3, 5, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) काढणारा. पण नुसते आकडे काढत नाही तो प्रोग्राम, आधी हे आले मिस्टर फिबोनाची असं जाहीर करतो, मग विचारतो सांगा बरं यांचा जन्म कुठल्या सालचा, आणि चुकलं की वात्रट उत्तरं देतो. गणित पुढच्या वर्गाचं, विनोद पहिलीतल्या पोराचा. कुणी गृहपाठ म्हणून दिला नव्हता, कुणी तपासणार नव्हतं. असा रिकामा वेळ त्याच्या आठवड्यात शिल्लक होता, कारण शाळेने त्याला येत असलेल्या गोष्टींचा सराव परत परत करायला लावून तो वेळ खाल्ला नव्हता.

साधारण साडेसात वर्षांचा झाला तेव्हा प्राथमिक शाळेचं गणित संपलं. म्हणजे सातवीही संपली. मग जवळच्या ब्लॅकवुड हायस्कूलशी बोलणं झालं आणि दिवसातला काही वेळ तो तिकडे गणिताला जायला लागला, उरलेला वेळ प्राथमिकमधे. मोठ्या धिप्पाड मुलांमधे बाकावर बसलेलं हे एवढंसं पोर, असा त्या काळातला एक फोटो नेटवर फिरत असतो. लोक तो फोटो बघून अरेरे म्हणतात, लहानपण हरवलं बिचाऱ्याचं. पण अर्धा दिवस तो परत आपल्या जुन्या शाळेतच होता, हे फोटोत दिसत नाही.

आणि पुढे घाई केली नाही. हे मुद्दाम सांगतोय. नवव्या वर्षी तो फ्लिंडर्स विद्यापीठात गणिताच्या काही तासांना बसत होता, मग वाटलं असतं तर दहाव्या-अकराव्या वर्षी फुलटाइम कॉलेज, पेपरात बातमी, जगातला सगळ्यात लहान पदवीधर, सगळं शक्य होतं. आईवडिलांनी ठरवलं नको, पाया रुंद राहू दे, इतर विषयही होऊ देत. विद्यापीठात पूर्ण वेळ गेला तो चौदाव्या वर्षी. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला 1986 ला ब्राँझ, 1987 ला सिल्व्हर, 1988 ला गोल्ड. सोळाव्या वर्षी पदवी, मग अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ, 1996 ला पीएचडी.

इथवर सगळं गोडगोड झालं, आता जे जमलं नाही ते. प्रिन्स्टनला पीएचडीच्या आधी जी तोंडी परीक्षा असते तिची त्याने धड तयारीच केली नव्हती. तोपर्यंत आयुष्यभर आदल्या दिवशी बघून जमत आलेलं, कॉम्प्युटर गेम खेळण्यात वेळ गेला, आणि परीक्षेत तो स्वतःच्या आवडत्या विषयातच अडखळला, कसाबसा पास झाला. त्याने हे स्वतःच लिहिलंय, आणि आपल्याला अभ्यास कसा करायचा हे तेव्हा पहिल्यांदा शिकावं लागलं असंही कबूल केलंय. म्हणजे बघा, इतक्या विचारपूर्वक वाढवलेलं मूल, चार-चार वर्गांत बसलेलं, आणि तरी अवघड गोष्टीशी झटापट करायची सवय विशीच्या उंबरठ्यावर लागली.

माझ्या मते याचं कारण असं की वरच्या वर्गात बसवल्याने वेग मिळतो, अवघडपणा मिळेलच असं नाही. दुसरीतलं पोर पाचवीच्या गणिताला बसवलं तर ते पाचवीचं गणितही महिन्याभरात गिळतं आणि परत कंटाळतं. मग सहावी, मग सातवी. पुस्तकं संपत जातात पण प्रत्येक पुस्तक त्याला सोपंच जातं. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण हे सुटण्यासाठीच लिहिलेलं असतं. न सुटणारं, आठवडाभर डोकं खाणारं काहीतरी त्याच्यापुढे कधी येणार? त्यामुळे विषयवार वर बसवणं चांगलंच, पण त्याच्या जोडीला खोल नेणारं काम लागतं, आणि हे दुसरं काम शिक्षकाला जास्त अवघड पडतं हे मान्य.

तरीही नुसतं वर बसवण्यानेही किती फरक पडतो ते मिराका ग्रॉस यांच्या कामातून दिसतं. या ऑस्ट्रेलियातल्या बाई, त्यांनी 1983 च्या सुमारास 160 च्या वर बुद्ध्यांक असलेल्या मुलांचा मागोवा घ्यायला सुरवात केली आणि वीसेक वर्षं त्याच मुलांच्या मागे राहिल्या, एकूण 60 मुलं. टेरेन्सही त्यांच्या अभ्यासात होता. त्या साठातल्या निम्म्याहून जास्त मुलांना शाळांनी शेवटपर्यंत वयाच्याच वर्गात ठेवलं, मोठी झाल्यावर एकलकोंडी होतील वगैरे काळजीने. आणि निघालं उलटंच. जी मुलं भराभर पुढे नेली त्यांना मित्र मिळाले, शिक्षण आवडत राहिलं. जी वयाच्या वर्गात अडकवून ठेवली त्यातल्या बऱ्याच जणांना मैत्री जमवायलाच त्रास झाला, काहींनी शिक्षण मधेच सोडलं. आपण ज्या भीतीने पोराला वर बसवत नाही तीच गोष्ट न बसवल्याने होते, असा हा सगळा मामला.

बरं, मग आपल्याकडे काय. पहिली अडचण सगळ्यांना माहितीये. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्ग म्हणतो, त्यामुळे पाच वर्षांचं पोर दुसरीच्या हजेरीवर येणं विसरा. दुसरी अडचण अशी की हुशार मुलांसाठी म्हणून आपल्याकडे जे काही आहे ते सगळं सुरूच होतं चौथी-पाचवीच्या पुढे. स्कॉलरशिप परीक्षा चौथी-पाचवीला. नवोदयची परीक्षा पाचवीत, प्रवेश सहावीला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने, जी अप्पा पेंडशांनी 1962 मधे सुरू केली, बुद्धिमान मुलांसाठी 1969 ला प्रशाला काढली तीही पाचवीपासून. म्हणजे टेरेन्सच्या केसमधे जे सगळं घडलं ते वयाच्या आठ वर्षांच्या आत, आणि आपल्याकडे त्या वयासाठी म्हणून काही नाहीच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांबद्दल परिच्छेद आहेत, विषयवार क्लब काढा, बीएडला त्यासाठी वेगळं स्पेशलायझेशन द्या, छान आहे सगळं. पण दुसरीत आत्ता बसलेल्या पोराला ते कधी पोचणार.

आणि एक गंमत बघा. आपण वर्गात मुलांचे स्तर पाडतो, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, गणितात अंक ओळखण्यापासून भागाकारापर्यंत. मागे पडलेल्यांसाठी ही पद्धत फार चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण जे पोर जूनमधेच गोष्ट आणि भागाकार या स्तराला आहे त्याच्या नावापुढे बरोबरची खूण होते आणि त्याचं वर्षच संपतं. तक्त्यावर त्याच्यासाठी पुढचा रकानाच नाही.

पण खरं सांगू का, बेलव्ह्यू हाइट्सला जे मुद्दाम जमवावं लागलं ते आपल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आपोआप असतं. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एका खोलीत दोन वर्ग. बहुवर्ग अध्यापन म्हणून आपण रडतो त्याच्याबद्दल, आणि रडण्यासारखं आहेच, पण अशा एखाद्या पोरासाठी ही सगळ्यात सोयीची जागा आहे. दुसरीतलं पोर चौथीचं गणित ऐकतच असतं, त्याला फक्त तोंड त्या फळ्याकडे करू द्यायचं. शहरातल्या मोठ्या शाळेत, दुसरी अ ब क ड, सगळ्यांचा गणिताचा तास वेगवेगळ्या वेळी, तिथे हेच करायला मुख्याध्यापकांपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना समजवावं लागतं. तिथला उपाय म्हणजे निदान दुसरी, तिसरी, चौथीचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवणं. जूनमधे वेळापत्रक करतानाच केलं तर होतं, दिवाळीनंतर कुणी हात लावू देत नाही.

आता ते खोल नेण्याचं. यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही, देवळालीचे कापरेकर गुरुजी आहेत की. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, आयुष्यभर शाळामास्तर, आणि त्यांचा 6174 हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. चौथीला चार अंकी हातच्याची वजाबाकी चालू आहे, ज्याला ती आधीच येते त्याला परत वीस गणितं देण्यात अर्थ नाही. त्याला सांगायचं, चार अंक घे, सगळे सारखे नकोत, मोठ्यात मोठी संख्या कर, लहानात लहान कर, वजा कर, उत्तराचं परत तेच कर. 3524 घेतलं तर 5432 वजा 2345, आलं 3087. मग 8730 वजा 0378, आलं 8352. मग 8532 वजा 2358, आलं 6174. आणि 6174 चं परत तेच करा, परत 6174 च. कुठलेही अंक घ्या, जास्तीत जास्त सात वेळात तिथेच येतं. सराव हातच्याच्या वजाबाकीचाच होतो, फक्त मधे चूक झाली तरी शेवटी 6174 येऊ शकतं, त्यामुळे मधल्या वजाबाक्या तपासून घ्यायच्या.

मग खरा प्रश्न द्यायचा. तीन अंकी घेतलं तर? तिथे 495 येतं, ते त्याला सापडू द्या, सांगू नका. दोन अंकी घेतलं तर? इथे पोर अडकतं, कारण 63 वरून 27, मग 45, मग 9, मग 81, आणि परत 63. एका जागी थांबतच नाही, फिरत राहतं. (9 ला 09 धरायचं, हे सांगावं लागतं, नाहीतर गाडी तिथेच बंद.) का फिरतं, आणि सगळे आकडे नऊच्याच पाढ्यातले का, हे तिसरी-चौथीतल्या पोराला लगेच सुटत नाही. काहींना महिनाभर सुटत नाही. सुटू नये हाच तर हेतू. इथे त्याला पहिल्यांदा मला येत नाहीये हे अनुभवायला मिळतं, आणि शिक्षकाने त्या वेळी मदतीला न धावणं हे सगळ्यात कठीण. भाषेसाठीही असंच काहीतरी लागतं, पण तिथे मी अजून चाचपडतोय, तेव्हा त्यावर काही ज्ञान पाजळत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. हे काम बाकीच्यांच्या कामाऐवजी द्यायचं, वरून जास्तीचं नाही. वीस गणितं करून झाली की मग कापरेकर, असं केलं तर पोराला दुसऱ्याच दिवशी कळतं की लवकर केलं की अजून काम मिळतं, आणि मग ते मुद्दाम हळू करायला लागतं. सगळ्यात अवघड पाच गणितं आधी करून दाखव, बरोबर आली तर बाकीची पंधरा माफ, असं ठेवायचं. आणि ही सूट सगळ्यांना खुली ठेवायची, नाव लावून एकालाच द्यायची नाही. अशाने कधी कधी भलतंच पोर पुढे येतं, ज्याच्याकडे आपलं लक्षच नव्हतं.

पालकांशी बोलताना मी टेरेन्सची गोष्ट सांगतो, पण 760 आणि मेडल गाळून. नाहीतर तिसऱ्या दिवशी पोराला कुठल्यातरी खाजगी प्रज्ञाशोध परीक्षेच्या क्लासला घालतात आणि आपण जो वेळ मोकळा केला तो तिकडे जातो. साडेतीन वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून बालवाडीत ठेवलं हा भाग सांगितला की मात्र आया नीट ऐकतात.

राहिला प्रश्न कागदांचा, कारण केंद्रप्रमुख आले की पहिला प्रश्न तोच येतो. हजेरी दुसरीचीच राहते, सरलला (सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत) नोंद दुसरीचीच, संकलित मूल्यमापनाचा पेपर दुसरीचाच द्यायचा, त्यात काही बदलायला जायचं नाही. गणिताच्या तासाला तो चौथीच्या गटात बसतो एवढंच. वर्णनात्मक नोंदींमधे विशेष प्रगतीच्या रकान्यात आपण सवयीने गणितात रस घेतो असं लिहून सोडून देतो, तिथे हे स्पष्ट लिहून ठेवायचं, अमुक तारखेपासून गणिताच्या तासाला चौथीबरोबर, अमुक घटक पूर्ण, अमुक ठिकाणी अडला. पुढच्या वर्षी वर्ग बदलून दुसऱ्या बाई किंवा सर आले की त्यांना ती एकच ओळ लागते, नाहीतर जूनमधे पोर परत शंभरपर्यंत उजळणीला बसतं.